कर्नेल बदलला की ट्रेसिंग मॉड्यूल मोडतं: ४.१८ ते ६.१५ एकाच कोडमध्ये कसं सांभाळायचं?

सह्यकडा (धागाकर्ता)

लिनक्स कर्नेलच्या मुख्य सोर्स झाडाबाहेरचं एक ट्रेसिंग मॉड्यूल (कर्नेलच्या आत काय चाललंय ते नोंदणारं) आहे. स्केड_स्विच, सिस_एंटर आणि सिस_एक्झिट या ट्रेसपॉइंटना (कर्नेलमध्ये आधीच ठेवलेल्या निरीक्षणाच्या जागा) ते प्रोब (तिथे बोलावलं जाणारं आपलं फंक्शन) जोडतं, शिवाय ब्लॉक लेयर आणि फाइल सिस्टमच्या काही फंक्शनांवर केप्रोब (चालू कर्नेलच्या फंक्शनवर बाहेरून लावायचा प्रोब) लावतं. नोंदी प्रत्येक सीपीयूच्या स्वतंत्र बफरमध्ये जातात. ते चालायला हवं अशी ठिकाणं: आरएचईएल (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स) ८ (४.१८) आणि ९ (५.१४), उबुंटू २०.०४ (५.४), २२.०४ (५.१५) आणि २४.०४ (६.८), डेबियन १२ (६.१) आणि १३ (६.१२). नवे कर्नेल येत राहतील ते वेगळेच.

सध्या लिनक्स_व्हर्जन_कोड बघणाऱ्या #इफ कोडभर पसरल्या आहेत आणि आरएचईएलवर त्यातल्या निम्म्या खोटं बोलतात. विचारायचं आहे ते असं: आवृत्तीचा आकडा बघावा की ती सोय आहे का हे तपासावं? ५.७ पासून कॉलसिम्स_लुकअप_नेम (नावावरून सिंबॉलचा पत्ता देणारं फंक्शन) मिळत नाही, त्याचं काय करायचं? स्केड_स्विचची सही (आर्ग्युमेंटांची संख्या, क्रम आणि प्रकार) मध्येच बदलली, ती कशी झेलायची? की हे सगळं सोडून ईबीपीएफकडे (मॉड्यूलशिवाय कर्नेलमध्ये छोटे प्रोग्राम चालवण्याची सोय) जावं?

जुना_पेंग्विन

लिनक्समध्ये यूजरस्पेसला दिलेला शब्द पाळला जातो. कर्नेलच्या आतल्या कोडला असा शब्द कधी दिलेलाच नाही. त्यामुळे मोडतोड होणार हे धरूनच रचना करायची.

पहिलं काम म्हणजे लॉजिकच्या फाइलींमधून एकूण एक #इफ बाहेर काढा. 'रॅपर' नावाची डिरेक्टरी करा, एका बदलाला एक हेडर. एलटीटीएनजी या ट्रेसिंग साधनाची मॉड्यूल्स वर्षानुवर्षं अशीच सांभाळली जातात. उदाहरण घ्या: ५.१४ मध्ये टास्क_स्ट्रक्टमधलं 'स्टेट' हे फील्ड '__स्टेट' झालं. नाव बदललं तेव्हाच प्रकारही बदलला, व्होलाटाइल लाँगचा अनसाइन्ड इंट झाला. रॅपरमध्ये टास्क घेऊन त्याची अवस्था परत करणारं एक इनलाइन फंक्शन ठेवा आणि बाकी कोडने फक्त तेच वापरावं. नाहीतर नाव बदलून बिल्ड पास होतो, पण ६४-बिट मशीनवर नोंदीतलं फील्ड ८ बाइटांवरून ४ वर येतं आणि ती फाइल वाचणारं साधन पुढचं सगळं सरकवून वाचतं.

तुमच्या टप्प्यात येणारे आणि हमखास अडवणारे बदल, आठवतील तसे:

५.०: ॲक्सेस_ओकेचं पहिलं आर्ग्युमेंट गेलं.
५.६: प्रोकफएसच्या फाइलींना फाइल_ऑपरेशन्सऐवजी प्रोक_ऑप्स.
५.७: कॉलसिम्स_लुकअप_नेमचा एक्सपोर्ट काढला.
५.८: एमएमॅप_सेमचं एमएमॅप_लॉक झालं, प्रोब_कर्नेल_रीडचं कॉपी_फ्रॉम_कर्नेल_नोफॉल्ट.
५.११: एफट्रेस कॉलबॅकला पीटी_रेग्सऐवजी एफट्रेस_रेग्सचा पॉइंटर येतो. केरेटप्रोबच्या इन्स्टन्समधून थेट आरपी वाचायचं नाही, गेट_केरेटप्रोब वापरायचं.
५.१४: वरचं __स्टेट.
५.१८: स्केड_स्विचला नवं आर्ग्युमेंट, आणि एक्स८६ वर आयबीटी (अप्रत्यक्ष उड्यांवरचं प्रोसेसरचं बंधन).
६.३: व्हीएम_फ्लॅग्समध्ये थेट लिहिणं बंद, व्हीएम_फ्लॅग्स_सेट वापरा.
६.४: क्लास_क्रिएटचं धिस_मॉड्यूल गेलं.
६.८: एसटीआरएलसीपीवाय हद्दपार.
६.१०: __असाइन_स्ट्रचं दुसरं आर्ग्युमेंट गेलं.
६.१२: अनअलाइन्ड हेडर 'एएसएम'मधून 'लिनक्स'मध्ये.
६.१३: मॉड्यूल_इम्पोर्ट_एनएसमधलं नाव अवतरणचिन्हांत लिहावं लागतं.
६.१५: डेल_टायमर आणि एचआरटायमर_इनिट गेले. एक्स्ट्रा_सीफ्लॅग्स हे मेकफाइलमधलं जुनं चलही गेलं, आता सीसीफ्लॅग्स-वाय.

यातल्या बहुतेकांवर कंपायलर स्वतःच ओरडतो, म्हणजे तासाभराचं काम. एक्स्ट्रा_सीफ्लॅग्सकडे मात्र नीट बघा. कर्नेल ते चल आता वाचतच नाही, त्यामुळे एररसुद्धा येत नाही. त्यातून हेडरचा मार्ग दिला असेल तर फाइल सापडली नाही म्हणून बिल्ड थांबेल. पण -डी (कंपायलरला मॅक्रो देणारा फ्लॅग) देऊन एखादा पर्याय चालू केला असेल, तर तो पर्याय मुकाट्याने बंद होऊन मॉड्यूल तयार होईल.

आता आकड्याबद्दल. कर्नेल_व्हर्जन हा मॅक्रो तीन आकडे एका संख्येत भरतो आणि शेवटच्या आकड्याला ८ बिट देतो, म्हणजे कमाल २५५. फेब्रुवारी २०२१ मध्ये ४.४.२५६ आणि ४.९.२५६ आले. जुन्या सूत्राने ४.४.२५६ ची किंमत नेमकी ४.५.० एवढी भरते. म्हणून लिनक्स_व्हर्जन_कोडमधला शेवटचा आकडा २५५ वरच रोखून धरायचं ठरलं. ५.४ ची मालिकाही २५५ च्या पुढे गेली, आणि मॅक्रोतला शेवटचा आकडाही २५५ वरच रोखला जातो, त्यामुळे '५.४.२६० किंवा नंतर' अशी अट त्या मॅक्रोने ५.४.२५५ पासूनच खरी ठरते. उपाय: व्हर्जन, पॅचलेव्हल आणि सबलेव्हल ही केबिल्डची (कर्नेलची बिल्ड यंत्रणा) चलं स्वतःच्या मेकफाइलमधून -डी करून द्या आणि तुलनेसाठी स्वतःचा ६४-बिट मॅक्रो लिहा.

आणि अट नेहमी दोन्ही टोकांची असू द्या. स्थिर शाखांमध्ये बदल मागे नेले जातात, त्यामुळे एकच बदल ५.१०.क, ५.१५.ख आणि ६.१.ग अशा तीन ठिकाणी येऊ शकतो. 'अमुकपासून तमुकच्या आधीपर्यंत' असे पट्टे लिहिले तरच ते बरोबर झेलता येतं.

मधुरा_क

रॅपरच्या डिरेक्टरीला +१, पण आकड्यांवर एवढा भरवसा कशाला? आरएचईएल ८ चा कर्नेल नावाला ४.१८ आहे, आत कितीतरी नंतरचा माल आहे. ॲक्सेस_ओकेचा ५.० मधला बदल ८.१ मध्येच मागे आणला गेला. आकडा ४.१८ म्हणतो, हेडर ५.० चं वागतं. आरएचईएल_रिलीज_कोड बघून वेगळी अट लावता येते, पण मग उबुंटूचा एबीआय क्रमांक, सूसेचा वेगळा, डेबियनचा आणखी वेगळा. हनुमानाचं शेपूट आहे ते.

सिस्टमटॅप, झेडएफएस आणि फाल्कोचा ड्रायव्हर, तिघेही दुसऱ्या वाटेने जातात: इवलीशी सी फाइल त्याच कर्नेलच्या हेडरवर कंपाइल करून बघायची. झाली तर सोय आहे, नाही झाली तर नाही. निकालावरून -डी ठरतं.

करताना सांभाळायच्या गोष्टी:

चाचणी कर्नेलच्या केबिल्डमधूनच चालवा, नुसता जीसीसी हाताने बोलावून नाही. नाहीतर ऑटोकॉन्फ हेडर आणि आर्किटेक्चरचे फ्लॅग येत नाहीत, मग निकालाला अर्थ नाही.

फील्ड आहे का हे बघायला त्या फील्डचा साइझऑफ घ्या. फंक्शनची सही बघायला अपेक्षित प्रकारचा फंक्शन पॉइंटर जाहीर करून त्यात ते फंक्शन ठेवा. पॉइंटरचे प्रकार जुळले नाहीत तर कर्नेलच्या फ्लॅगांमुळे ती नुसती ताकीद राहत नाही, एरर होते, आणि आपल्याला तेच हवं आहे.

सगळ्या चाचण्या एकाच मेकमध्ये, चूक आली तरी पुढे चालू ठेवणाऱ्या -के पर्यायासह आणि समांतर चालवा. एकामागून एक चालवल्या तर दर वेळी केबिल्डचा सगळा प्रपंच नव्याने मांडला जातो आणि पन्नास चाचण्यांना मिनिटं लागतात.

सर्वांत मोठा धोका म्हणजे खोटं 'नाही'. हेडरचं पॅकेज अर्धवट आहे, कर्नेल ज्या जीसीसीने बांधला त्याचा एखादा फ्लॅग इथल्या जीसीसीला कळत नाही, डिस्क भरली आहे: कारण काहीही असो, चाचणी पडते आणि आपण समजतो कर्नेल जुना आहे. म्हणून दोन राखणदार चाचण्या ठेवा. एक रिकामं मॉड्यूल, जे कंपाइल झालंच पाहिजे. आणि एक, अस्तित्वातच नसलेलं फंक्शन बोलावणारं, जे पडलंच पाहिजे. दोघांपैकी एकाचाही निकाल उलटा आला तर तिथेच थांबा.

त्याहून पुढची पायरी: प्रत्येक बदलासाठी जुन्या आणि नव्या, दोन्ही रूपांची चाचणी लिहा. नेमकी एक पास व्हायला हवी. दोन्ही पडल्या, तर कर्नेलने तिसरंच रूप काढलं आहे. तिथे #एरर टाका, अंदाज बांधू नका.

जुना_पेंग्विन

मधुराताई, राखणदाराची कल्पना झकास. तरी मी दोन्ही ठेवीन. एक कारण असं की ज्या मशीनवर बिल्ड होतो तिथे लक्ष्य कर्नेलची पूर्ण बांधणी नेहमी हाताशी नसते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: सही तीच राहते आणि वागणं बदलतं, असे बदल सी फाइल कंपाइल करून सापडत नाहीत. तिथे आकडाच लागतो.

उबुंटूवर अजून एक: यूनेम ५.४.०-१५० असं काहीतरी दाखवतो, पण तळाचा स्थिर कर्नेल कुठला हे त्यातून कळत नाही. ते /प्रोक/व्हर्जन_सिग्नेचरमध्ये शेवटी लिहिलेलं असतं.

अळूचं_फदफदं

कॉलसिम्सचं मी सांगतो. ५.७ नंतर प्रचलित तोडगा असा: केप्रोब स्ट्रक्टमध्ये सिंबॉल_नेम म्हणून 'कॉलसिम्स_लुकअप_नेम' द्या, हँडलर काहीच देऊ नका, रजिस्टर_केप्रोब करा, यशस्वी झालं की ॲड्रेस वाचून ठेवा आणि लगेच अनरजिस्टर करा. तो ॲड्रेस फंक्शन पॉइंटरमध्ये घालून बोलवा.

इंटरनेटवरच्या बहुतेक नोंदी इथे संपतात. नव्या एक्स८६ मशीनवर खरा ताप इथून पुढे सुरू होतो.

५.१८ मध्ये कर्नेलसाठी आयबीटी आलं आणि ६.२ पासून त्याचं कॉन्फिग मुळातच चालू असतं. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवर डीमेसेजमध्ये 'सीईटी डिटेक्टेड' अशी ओळ दिसली की ते लागू आहे. नियम असा की अप्रत्यक्ष उडी जिथे पडते तिथे ४ बाइटांची एंडब्रांच सूचना असलीच पाहिजे, नसली तर #सीपी फॉल्ट. आता तीन गोष्टी एकत्र येतात.

एक: अशा कर्नेलवर केप्रोब फंक्शनच्या सुरुवातीला न बसता एंडब्रांच ओलांडून बसतो. म्हणून तुम्हाला मिळालेला ॲड्रेस खऱ्या सुरुवातीपेक्षा ४ ने पुढे असतो.

दोन: मग ४ वजा केले की झालं? नाही. ज्या फंक्शनांना कुणी अप्रत्यक्षपणे बोलावत नाही त्यांच्या सुरुवातीची एंडब्रांच कर्नेल बूट होतानाच पुसतो आणि तिथे साधी नॉप ठेवतो. एक्सपोर्ट नसलेलं कॉलसिम्स_लुकअप_नेम त्यात सापडू शकतं. सुरुवातीवर उडी मारूनही फॉल्ट येतो तो त्यामुळे.

तीन: क्लँगच्या केसीएफआयने बांधलेल्या कर्नेलवर बोलावणाऱ्या बाजूला प्रकाराचा हॅशही तपासला जातो. त्यासाठी बोलावणाऱ्या फंक्शनवर __नोसीएफआय लावावं लागतं.

एलटीटीएनजीने काढलेली वाट अशी: इंटरप्ट बंद करायचे, एस_सीईटी हा एमएसआर (प्रोसेसरचं खास रजिस्टर) वाचून ठेवायचा, त्यातला एंडब्रांचचा बिट उतरवायचा, फंक्शन बोलवायचं, एमएसआर जसाच्या तसा परत लिहायचा आणि मग इंटरप्ट चालू. हे मॉड्यूल लोड होताना एकदाच घडू द्या. प्रोबच्या धावत्या मार्गावर चुकूनही नको.

आयबीटी=ऑफ हा बूट पर्याय निदानासाठी वापरा, ग्राहकाला उपाय म्हणून सांगू नका. ट्रेसिंगसाठी अख्ख्या मशीनचं कवच उतरवणं कुठलाही शहाणा प्रशासक मान्य करणार नाही, आणि करूही नये.

माझं स्पष्ट मत: कॉलसिम्सची गरजच कमी करा. ट्रेसपॉइंट शोधायला तर ते लागतच नाही, फॉर_ईच_कर्नेल_ट्रेसपॉइंट एक्सपोर्ट आहे. कॉलबॅकमध्ये नावाची तुलना करा, हवा तो पॉइंटर ठेवून घ्या.

सह्यकडा

वाचनखूण साठवली. फॉर_ईच वापरून मिळालेल्या पॉइंटरला ट्रेसपॉइंट_प्रोब_रजिस्टर केलं की स्केड_स्विच कुठल्याही कर्नेलवर कंपाइल होतंय. म्हणजे तो प्रश्न मिटला का?

जुना_पेंग्विन

मिटला नाही, लपला. ट्रेसपॉइंट_प्रोब_रजिस्टर तुमचं फंक्शन व्हॉइड पॉइंटर म्हणून घेतं. आर्ग्युमेंटांची संख्या, क्रम, प्रकार, काहीच तपासलं जात नाही.

स्केड_स्विचचंच बघा. आधी प्रोबला येत होतं: डेटा, प्रीएम्प्ट, प्रीव्ह, नेक्स्ट. ५.१८ च्या विकासात प्रीव्ह_स्टेट हे आर्ग्युमेंट प्रीएम्प्टच्या लगेच पुढे घातलं गेलं. त्या रूपावर जुना प्रोब चालवला तर ०, १ किंवा २ असा आकडा टास्कचा पॉइंटर समजून वाचला जातो, म्हणजे थेट ऊप्स (कर्नेलची गंभीर चूक). ईबीपीएफ साधनंही त्या बदलाने मोडली, म्हणून ५.१८ अंतिम होण्याआधी ते आर्ग्युमेंट शेवटी नेलं.

शेवटी गेल्यामुळे एक्स८६-६४ वर जुना प्रोब चालून जातो: डेटा आरडीआयमध्ये, प्रीएम्प्ट आरएसआयमध्ये, प्रीव्ह आरडीएक्समध्ये, नेक्स्ट आरसीएक्समध्ये. नवं आर्ग्युमेंट आर८ मध्ये येतं आणि जुना प्रोब तिकडे बघतच नाही. चालतं म्हणून सोडून देऊ नका. ते आर्ग्युमेंट का आणलं? कारण प्रोब चालेपर्यंत दुसऱ्या सीपीयूने त्या टास्कला जागं करायला सुरुवात केलेली असू शकते. तेव्हा प्रीव्हमधून __स्टेट पुन्हा वाचलं तर झोपायला गेलेला टास्क 'चालू होता, हिसकावला गेला' असा दिसतो. तुमचा विलंबाचा अहवाल त्यावर उभा असेल तर सगळाच वाकडा. ५.१८ पासून पुढे पाचवं आर्ग्युमेंटच वापरा.

आणि सही बिल्डच्या वेळी तपासण्याची सोय कर्नेलमध्येच आहे, फारसं कुणी वापरत नाही. प्रत्येक ट्रेसपॉइंटच्या हेडरमधून चेक_ट्रेस_कॉलबॅक_टाइप_ आणि पुढे ट्रेसपॉइंटचं नाव, असं एक रिकामं इनलाइन फंक्शन मिळतं. ट्रेस/इव्हेंट्स/स्केड हे हेडर आत घ्या आणि इनिटमध्ये एक ओळ टाका: चेक_ट्रेस_कॉलबॅक_टाइप_स्केड_स्विच, कंसात तुमचा प्रोब. तयार कोडमध्ये त्याचं वजन शून्य. सही बदलली की बिल्ड फुटतो. जेवढे ट्रेसपॉइंट तेवढ्या ओळी, आळस नको.

नवखा_बिट

प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. सिस_ओपनॲटवर केप्रोब लावतोय, रजिस्टर_केप्रोब उणे २ देतं. जुन्या कर्नेलवर चालायचं म्हणतात.

मधुरा_क

बाळबोध अजिबात नाही. उणे २ म्हणजे ते नाव सापडलं नाही. ४.१७ पासून एक्स८६-६४ वर सिस्टम कॉलच्या फंक्शनांना __एक्स६४_सिस_ हा उपसर्ग लागला, ४.१९ पासून एआरएम६४ वर __एआरएम६४_सिस_. नाव बदलून भागत नाही, आर्ग्युमेंटही बदलली. आता या फंक्शनला एकच गोष्ट येते, पीटी_रेग्सचा पॉइंटर, आणि खरी आर्ग्युमेंट त्याच्या आत असतात. म्हणजे एक्स८६ वर हँडलरला मिळालेल्या रेग्समधला डीआय हा आतल्या पीटी_रेग्सचा पत्ता. त्या आतल्या पीटी_रेग्सचा डीआय म्हणजे डिरेक्टरीचा एफडी, एसआय म्हणजे फाइलनावाचा यूजरस्पेस पॉइंटर. एकच पायरी उतरून थांबलात तर कर्नेलचा पत्ता एफडी म्हणून नोंदला जाईल. दिसायला मोठा आकडा, एररचं नाव नाही.

पण सिस्टम कॉलसाठी केप्रोब हवाच कशाला? सिस_एंटर ट्रेसपॉइंट घ्या आणि कॉलचा क्रमांक बघा.

इतर फंक्शनांवर उणे २ आलं तर /प्रोक/कॉलसिम्समध्ये नाव शोधा. अजिबात नसेल तर ते इनलाइन झालं आहे. '.आयएसआरए.०' किंवा '.कॉन्स्टप्रॉप.०' अशी शेपटी लागलेली असेल तर जीसीसीने आर्ग्युमेंट छाटली किंवा बदलली असण्याची शक्यता धरा. शेपटीसकट नाव देऊन प्रोब बसेल, पण दुसरं आर्ग्युमेंट दुसऱ्याच रजिस्टरमध्ये राहील याची खात्री उरत नाही. '.पार्ट.०' म्हणजे फंक्शनचा तुकडा, तिथे सगळे कॉल येत नाहीत. उणे २२ आलं तर आधी डीबगएफएसमधल्या केप्रोब्स/ब्लॅकलिस्टमध्ये ते फंक्शन आहे का बघा.

ब्लॉक लेयरचं एक सांगते, कारण धागाकर्त्यांना तेच लागणार आहे. बीसीसी या ईबीपीएफ साधनसंचातल्या बायोलेटन्सीसारख्या साधनांचा जुना आधार होता ब्लेक_अकाउंट_आयओ_स्टार्ट. ते इनलाइन झालं, खरं काम __ब्लेक_अकाउंट_आयओ_स्टार्टमध्ये गेलं आणि प्रोब अडले. पुढे ब्लॉक_आयओ_स्टार्ट आणि ब्लॉक_आयओ_डन असे ट्रेसपॉइंटच मिळाले. म्हणून क्रम असा ठेवा: ट्रेसपॉइंट असेल तर तो, नाहीतर दोन अंडरस्कोरवालं नाव, तेही नसेल तर जुनं नाव. तिन्ही नसतील तर ते मोजमाप बंद आहे हे लॉगमध्ये ठळक लिहा. शून्य छापू नका. शून्य हा खरा आकडा वाटतो.

दुर्बीण

ईबीपीएफचा मुद्दा कुणी घेतला नाही अजून.

सीओ-आरईने (एकदा कंपाइल करून अनेक कर्नेलवर चालवण्याची ईबीपीएफची पद्धत) स्ट्रक्टच्या आतले बदल छान सुटतात. /सिस/कर्नेल/बीटीएफ/व्हीएमलिनक्स (बीटीएफ म्हणजे कर्नेलमधल्या प्रकारांची माहिती) असेल तर बीपीएफटूलने व्हीएमलिनक्स हेडर काढा, एकदाच कंपाइल करा, फील्डचं अंतर लोड होताना लिबबीपीएफ जुळवतं. __स्टेटसाठी 'टास्क_स्ट्रक्ट___जुना' असं तीन अंडरस्कोर लावून दुसरं स्ट्रक्ट जाहीर करा, त्यात जुनं 'स्टेट' फील्ड ठेवा आणि बीपीएफ_कोर_फील्ड_एक्झिस्ट्स विचारून दोन्हींपैकी एक वाचा. तीन अंडरस्कोरपुढचं सगळं लिबबीपीएफ नाव जुळवताना सोडून देतं.

सुटत नाही ते: फंक्शनचं नाव बदलणं, इनलाइन होणं, ट्रेसपॉइंटच्या आर्ग्युमेंटांचा क्रम, फील्ड तेच राहून अर्थ बदलणं. म्हणजे मधुराताईंची ब्लॉक लेयरची कसरत तिथेही तशीच करावी लागते.

आणि जुन्या टोकाला मर्यादा आहेत. बीटीएफ कर्नेलसोबत यायला कॉन्फिग_डीबग_इन्फो_बीटीएफ चालू हवं. एफएंट्री ५.५ पासून, बीपीएफ रिंग बफर ५.८ पासून. फाल्कोचा नवा प्रोब ५.८ मागतो तो याच दोन सोयींसाठी: बीटीएफ आणि रिंग बफर. तुमच्या यादीत उबुंटू २०.०४ चा ५.४ आहे. तो जोवर आहे तोवर मॉड्यूल ठेवा, ५.८ आणि पुढच्यांसाठी ईबीपीएफ करा, आणि दोन्हींच्या नोंदींचा साचा एकच ठेवा. आरएचईएल ८ मध्ये बीपीएफचा बराच भाग मागे आणलेला आहे, तिथे आकडा न बघता सोय तपासा.

अळूचं_फदफदं

डीकेएमएसबद्दल (नव्या कर्नेलसाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणारं साधन) थोडक्यात, कारण बहुतेक तक्रारी तिथूनच येतात. कर्नेल अपडेट झाला आणि मॉड्यूल गायब, तर आधी डीकेएमएस स्टेटस, मग /व्हार/लिब/डीकेएमएसखाली त्या मॉड्यूलच्या बिल्ड डिरेक्टरीतला मेक.लॉग. निम्म्या वेळा त्या कर्नेलची हेडर बसवलेलीच नसतात. बिल्ड झाला पण लोड होताना 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आलं, तर सिक्युअर बूट चालू आहे आणि मॉड्यूलवर डिजिटल सही करणारी किल्ली मोकमध्ये (मशीनच्या मालकाने मान्य केलेल्या किल्ल्यांची यादी) नोंदलेली नाही. मोकयूटिलने इम्पोर्ट करा आणि रीबूटच्या निळ्या पडद्यावर पासवर्ड द्या. दूरच्या सर्व्हरवर तो पडदा कन्सोलशिवाय दिसत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

'डिसॲग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिंबॉल' आलं तर मॉड्यूल दुसऱ्या बांधणीच्या मॉड्यूल.सिमव्हर्सवर बांधलंय. जबरदस्तीने लोड करू नका, पुन्हा बांधा.

सह्यकडा

चाचणीसाठी काय करता? प्रत्येक कर्नेल व्हीएममध्ये उठवून मॉड्यूल घालून-काढून बघणं पुरेसं आहे का?

जुना_पेंग्विन

घालून-काढून बघणं म्हणजे दार उघडतंय एवढंच कळलं. नोंदी खऱ्या आहेत का, ते बघायला हवं. त्याच मशीनवर, त्याच वेळी कर्नेलचा स्वतःचा एफट्रेस स्केड_स्विच इव्हेंट चालू ठेवा. भार म्हणून 'पर्फ बेंच स्केड पाइप' लावा, दोन टास्क एकमेकांना सतत उठवतात, त्यामुळे वर सांगितलेली शर्यत लगेच उघडी पडते. मग दोन्हींकडच्या नोंदींची संख्या आणि प्रीव्ह_स्टेटची विभागणी ताडून बघा: एस (झोपलेला) किती, डी (न उठवता येणारी झोप) किती, आर (चालू) किती. आपल्याकडे आर जास्त आणि एस कमी दिसले तर आपण जुन्या पद्धतीने वाचतोय.

व्हीएममध्ये आयबीटी बहुधा पाहुण्या कर्नेलपर्यंत पोचत नाही. ती चाचणी ११व्या पिढीच्या किंवा नंतरच्या खऱ्या इंटेल मशीनवरच करा. आणि दर आठवड्याला ताज्या आरसीवर (अंतिम होण्याआधीची चाचणी आवृत्ती) निदान बिल्ड तरी चालवा. आरसी१ आल्यावर कळलं तर अंतिम आवृत्तीपर्यंत साधारण दीड-दोन महिने हातात असतात.

दुर्बीण

सिस_एंटर वापरणाऱ्यांनी ६.१३ कडे नीट बघा, जुना_पेंग्विन यांनी वर 'सही तीच, वागणं वेगळं' म्हटलं ते हेच. ६.१३ पासून सिस_एंटर आणि सिस_एक्झिटच्या प्रोबमध्ये पेज फॉल्ट चालू शकतो, त्यासाठी ट्रेसपॉइंट आता प्रीएम्प्शन (चालू टास्क मध्येच हिसकावला जाणं) बंद न करताच प्रोब बोलावतो. कर्नेलमधल्या एफट्रेस, पर्फ आणि बीपीएफच्या प्रोबांनी आपापलं प्रीएम्प्शन स्वतः बंद करून घेतलं. बाहेरच्या मॉड्यूलला हे कुणी सांगणार नाही. चेक_ट्रेस_कॉलबॅक_टाइपही नाही, कारण सही बदललेलीच नाही.

धागाकर्त्यांचे बफर सीपीयूगणिक आहेत. धिस_सीपीयू_पीटीआर घेतला, मध्येच टास्क दुसऱ्या सीपीयूवर गेला, आणि आता दोन लेखक एकाच बफरमध्ये. हजारो नोंदींत एखादी फाटकी निघेल, रोज नाही.

सह्यकडा

म्हणजे ६.१३ साठी आकड्याची #इफ आलीच?

दुर्बीण

नको. प्रीएम्प्ट_डिसेबल_नोट्रेस आणि एनेबल_नोट्रेस सगळ्याच आवृत्त्यांवर घाला. जुन्या कर्नेलवर आधीच बंद असलेलं आणखी एकदा बंद होतं, मोजणी एकने वाढते, एवढंच. चाचणीचा कर्नेल कॉन्फिग_डीबग_प्रीएम्प्ट लावून बांधा. 'यूझिंग एसएमपी_प्रोसेसर_आयडी इन प्रीएम्प्टिबल' ही ओळ आली की कुठे राहून गेलंय ते स्टॅकसकट कळतं.

मॉड्यूल काढतानाचंही त्याच बदलात आलं. सगळे प्रोब अनरजिस्टर केल्यावर, बफर सोडण्याआधी, ट्रेसपॉइंट_सिंक्रोनाइझ_अनरजिस्टर बोलवा. काही जण तिथे स्वतःच सिंक्रोनाइझ_आरसीयू लिहून मोकळे होतात (आरसीयू म्हणजे वाचणारे बाहेर पडेपर्यंत थांबण्याची कर्नेलची यंत्रणा). ६.१३ पासून सिस्टम कॉलचे प्रोब टास्क्स-ट्रेस आरसीयूच्या छत्राखाली चालतात, साधं सिंक्रोनाइझ_आरसीयू त्यांची वाट बघत नाही. कर्नेलचं तयार फंक्शन दोन्हींची वाट बघतं.